लग्नाचे फोटो चांगले यावेत म्हणून वधूवरांनी काय करावे

उत्तम कॅमेरा आणि काम जाणणारा फोटोग्राफर मिळणे आज साताऱ्यात अवघड राहिलेले नाही. तरीही अल्बम घरी आल्यावर अनेकांना हळहळ वाटते. अंतरपाट दूर झाला त्याच क्षणी कुणाचा तरी हात मध्ये आला, आजीचा नातीबरोबर एकही फोटो नाही, संगीताच्या सगळ्या फोटोंत चेहरे जांभळे दिसतात, अशा त्या तक्रारी असतात. यातील बहुतेक उणिवांचा कॅमेऱ्याशी संबंध नसतो. वेळ, जागा आणि उजेड या तीन गोष्टींवर फोटो अवलंबून असतो आणि त्या वधूवरांच्या व त्यांच्या घरच्यांच्या हातात असतात. बोहल्यावर चढल्यावर त्यांची व्यवस्था करता येत नाही. कार्यालय, मंडप आणि पत्रिका ठरत असतानाच तिचा विचार करावा लागतो.

फोटोग्राफर निवडताना त्याने इन्स्टाग्रामवर टाकलेले निवडक फोटो पाहून निर्णय घेऊ नये. एकाच लग्नाचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा संपूर्ण अल्बम पाहायला मागावा, आणि तो शक्यतो आपल्यासारख्याच लग्नाचा असावा, म्हणजे दुपारचा मुहूर्त, हजारभर पाहुणे आणि पत्र्याचे किंवा कापडी छत. कास पठाराच्या रस्त्यावर सायंकाळच्या उन्हात काढलेले फोटो बहुतेकांचे चांगले येतात. दुपारी एक वाजता गच्च भरलेल्या कार्यालयात, घामेजलेल्या चेहऱ्यांचे फोटो कसे आले आहेत यावरून खरे कसब कळते. दाट तिथीच्या दिवसांत एकाच मुहूर्तावर अनेक लग्ने असतात आणि स्टुडिओचे काम वाटून दिले जाते, म्हणून प्रत्यक्ष कोण येणार, किती जण येणार आणि कॅन्डिड (म्हणजे नकळत टिपलेले) व पारंपरिक फोटो वेगवेगळ्या व्यक्ती काढणार का, हे नावानिशी विचारून घ्यावे. किती तास, कोणकोणते विधी, अल्बमची पाने किती, मूळ फाइल मिळणार की नाही आणि अल्बम कधी मिळणार, हे सगळे इसार देण्यापूर्वी कागदावर असावे. आणखी एक प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, पण तो अवश्य विचारावा. कॅमेऱ्यात एका वेळी दोन कार्डांवर फोटो साठवले जातात का? एक कार्ड बिघडले तरी लग्न पुन्हा लागत नाही.

यानंतर वेळापत्रकाकडे वळावे, कारण चांगल्या फोटोंचा सर्वांत मोठा शत्रू घाई हा आहे. पत्रिकेवर १२.३५ चा मुहूर्त छापलेला असतो. पण मेकअप लांबतो, मान्यवरांची वाट पाहिली जाते, सत्कार आणि आशीर्वादपर भाषणे होतात, आणि जो वेळ खर्च होतो तो नेमका वधूवरांच्या फोटोंच्या वाट्याचा असतो. म्हणून मुहूर्तापासून मागे मोजत यावे. मुहूर्त १२.३५ चा असेल, तर वधूचा मेकअप, केशरचना आणि शालू सगळे ११ वाजता पूर्ण झालेले असावे. गौरीहराच्या पूजेपूर्वी अर्धा तास केवळ तिच्या एकटीच्या आणि आईवडिलांबरोबरच्या फोटोंसाठी मोकळा राहावा. मेकअप करणाऱ्या ताईंना मुहूर्ताची वेळ न सांगता ही ११ ची वेळ सांगावी. वराच्या बाजूने फेटा बांधणाऱ्यालाही असेच आधी बोलवावे, कारण तो एकटाच असतो आणि वऱ्हाडातील पन्नास जण त्याच्यासमोर रांग लावून उभे असतात. पहिला फेटा वराचा बांधला गेला पाहिजे.

दोघांचे एकत्र फोटो कधी काढायचे, हा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे. मुहूर्तापूर्वी वधूवरांनी समोरासमोर येणे अनेक घरांत चालत नाही, आणि अंतरपाटाचा अर्थ ध्यानात घेतला तर तो आग्रह योग्यच आहे, असे मला वाटते. मग ते फोटो सप्तपदीनंतर आणि भेटीगाठींसाठी स्टेजवर उभे राहण्याआधी काढावेत. या दोन्हींच्या मध्ये वीस मिनिटे राखून ठेवावीत आणि ती राखल्याचे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. एकदा स्टेजवर पाहुण्यांची रांग लागली की वधूवरांना तेथून हलता येत नाही. गोरज मुहूर्त असेल, तर हे फोटो उजेड असेपर्यंत काढता यावेत म्हणून सूर्यास्ताची वेळ पाहावी; साताऱ्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. शहराच्या पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर असल्यामुळे प्रत्यक्ष ऊन त्याही आधी निघून जाते, हेही हिशेबात धरावे.

उजेडाविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण येथेच सर्वांत जास्त फोटो बिघडतात आणि येथेच सर्वांत कमी खर्चात सुधारणा होते. मंडपाचे कापड लाल, गुलाबी किंवा गर्द पिवळे असेल, तर दिवसा त्यातून गाळून येणारा उजेड त्याच रंगाचा होतो आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर उतरतो. हा रंग नंतर संगणकावर पुरता काढता येत नाही, कारण तो काढायला जावे तर शालूचा आणि फुलांचाही रंग बदलतो. म्हणून छताचे कापड पांढरे किंवा मोतिया घ्यावे आणि रंगांची हौस कडेच्या झालरींत भागवावी. रात्रीच्या कार्यक्रमांत हाच त्रास निळ्या-जांभळ्या एलईडी पार लाइटमुळे, म्हणजे स्टेजवर झोत टाकणाऱ्या रंगीत दिव्यांमुळे, होतो. नाचगाण्याच्या वेळी ते दिवे शोभतात. पण वधूवरांच्या चेहऱ्यावर जांभळा झोत पडत असताना फोटोग्राफरने काहीही केले तरी त्वचेचा रंग त्वचेसारखा दिसत नाही. डेकोरेटरला स्पष्ट सांगावे की रंगीत दिवे मागच्या पडद्यावर सोडावेत, समोरून मात्र दोन्ही बाजूंनी साधा, एकसारखा, उबदार पांढरा प्रकाश असावा आणि विधी चालू असताना तो बदलू नये. स्टेजमागे मोठी एलईडी वॉल लावायची असेल, तर तिचा उजेड कमी ठेवायला सांगावे. ती पूर्ण तेजाने चालू राहिली की पुढे उभे असलेल्यांचे चेहरे काळवंडतात. फोटोग्राफर आणि डेकोरेटर यांची फोनवर का होईना, आठवडाभर आधी एकदा गाठ घालून द्यावी. दोघेही आपापल्या कामात वाकबगार असतात, पण बहुतेक लग्नांत ते एकमेकांना प्रथम मुहूर्ताच्या दिवशी भेटतात.

वधूपक्षाच्या खोलीकडेही असेच लक्ष द्यावे. गौरीहरापुढे बसून वधू अक्षता वाहते आणि मामा तिला बोहल्यावर न्यायला येतो, हा लग्नातील सर्वांत सुंदर प्रसंगांपैकी एक आहे. पण तो घडतो ती खोली उघड्या सुटकेसी, पाण्याच्या बाटल्या, साड्यांचे खोके आणि चार्जरच्या वायरी यांनी भरलेली असते. खोली मिळताच खिडकीची जागा पाहावी. गौरीहर शक्य तर अशा ठिकाणी मांडावा की खिडकीतील उजेड वधूच्या चेहऱ्यावर बाजूने येईल, मग पडदे उघडावेत आणि ट्यूबलाइट बंद करावी. दिवसाचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू हिरवट आणि दुसरी निळसर दिसते. सामान एका कोपऱ्यात रचून त्यावर चादर टाकायला पाच मिनिटे लागतात. हे काम करवलीकडे न देता एखाद्या चुलतभावाकडे द्यावे, कारण करवलीला वधूजवळून हलता येत नाही.

आता प्रत्यक्ष मुहूर्ताचा क्षण. मंगलाष्टका सुरू असताना वधूवर समोरासमोर उभे असतात, मध्ये अंतरपाट धरलेला असतो, मागे दोघांचे मामा आणि दिवा-कलश घेतलेल्या करवल्या असतात. शेवटी गुरुजी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ म्हणू लागले की अंतरपाट दूर होतो, वाजंत्री वाजू लागते आणि सगळ्या मंडपातून अक्षता येतात. हे सारे दोन-तीन सेकंदांत होते. त्या वेळी नेमके काय बिघडते ते पाहावे. अंतरपाट एकाने वर उचलला आणि दुसऱ्याने बाजूला ओढला, तर तो वधूच्या चेहऱ्यावरून जातो. पुढच्या रांगेतील तरुण पाहुणे मोबाइल उंचावून उभे राहतात. आणि जवळून जोरात मारलेल्या अक्षतांमुळे दोघांचेही डोळे मिटतात. या प्रत्येकावर सोपा उपाय आहे. अंतरपाट धरणाऱ्या दोघांना आधी सांगावे की तो सरळ खाली न्यावा आणि मग प्रेक्षकांच्या विरुद्ध बाजूला घ्यावा. गुरुजींना नमस्कार करून विनंती करावी की शेवटच्या मंत्राआधी त्यांनी एक क्षण थांबून फोटोग्राफरकडे पाहावे. अनुभवी गुरुजी हे आनंदाने करतात. निवेदकाने माइकवरून दोनदा सांगावे की अक्षता हळुवार, वरच्या दिशेने टाकाव्यात आणि पुढच्या पाहुण्यांनी मोबाइल खाली ठेवावेत. आणि स्टेजच्या दोन्ही कडांना हातभर जागा फोटोग्राफरसाठी मोकळी राहील, याची जबाबदारी नाव घेऊन एका माणसावर सोपवावी.

अंतरपाट दूर झाल्यावर वधूवरांनी काय करावे, हेही सांगितले पाहिजे. लगेच हार घालू नये. प्रथम एकमेकांकडे पाहावे, कॅमेऱ्याकडे मुळीच पाहू नये, आणि मग सावकाश हार घालावा. हार दोन्ही हातांनी कडेला धरला म्हणजे तो चेहऱ्यासमोर येत नाही. या वेळी मित्रांनी वराला उचलून धरण्याची पद्धत अलीकडे आली आहे. त्यातील आनंद मला समजतो, परंतु त्यात फेटा हलतो, मुंडावळ्या गुंततात, वधू अवघडते आणि फोटोंत मित्रांच्या पाठी तेवढ्या दिसतात, म्हणून मित्रांना आदल्या दिवशीच प्रेमाने थोपवून ठेवलेले बरे.

वेशभूषेतही कॅमेऱ्याच्या दृष्टीने सांभाळाव्यात अशा काही गोष्टी आहेत. फेट्याची कड भुवईपासून दोन बोटे वर असावी. ती खाली आली की दुपारच्या उभ्या उजेडात वराचे डोळे सावलीत बुडतात. मुंडावळ्यांच्या लडी गालांच्या बाहेरून सोडाव्यात आणि केसांत पिनेने पक्क्या कराव्यात, म्हणजे होमापुढे वाकताना त्या डोळ्यांवर येत नाहीत. शालू लाल असेल तर मागचा पडदा लाल नसावा. हिरवा, मोतिया किंवा फुलांचा चालतो. मेकअपच्या वेळी सनस्क्रीनयुक्त फाउंडेशन आणि बारीक पांढरी पावडर यांविषयी विचारून घ्यावे, कारण यांतील काही प्रसाधने डोळ्यांना दिसत नसली तरी फ्लॅशच्या उजेडात चेहऱ्यावर पांढरी झाक आणतात. आठवडाभर आधीच्या मेकअप चाचणीच्या दिवशी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढला की हे लगेच कळते. चष्मा असेल तर तो काढून ठेवण्याची गरज नाही. फोटोच्या वेळी हनुवटी किंचित खाली घेतली की काचेवरची चमक बहुधा जाते. आयुष्यभर जो चष्मा लावला तो लग्नाच्या फोटोंत नसणे मला तरी खटकते.

होम आणि सप्तपदीच्या वेळी धूर कोणत्या बाजूला जातो ते पाहूनच पाट मांडावेत. पंख्याचा झोत होमाकडून वधूवरांकडे येत असेल, तर डोळे चुरचुरतात आणि पुढचा तासभर सगळ्या फोटोंत ते लाल दिसतात. मंगळसूत्र घालताना वराने कॅमेऱ्याच्या बाजूचा कोपर खाली ठेवावा आणि मदतीला वाकणाऱ्या नणंदा-बहिणींना मागच्या बाजूने यायला सांगावे. कानपिळीचा प्रसंग मात्र मोकळा सोडावा. तेथे कुणालाही काही शिकवायची गरज नसते.

कुटुंबाच्या एकत्रित फोटोंसाठी यादी लिहून काढणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे. फोटोग्राफरला तुमची आत्या कोण आणि मावशी कोण हे कळणे शक्य नाही. दोन्ही घरांनी मिळून पंधरापर्यंत गट ठरवावेत. एका गटाला तीन मिनिटे धरली तरी पाऊण तास जातो, म्हणून यादी यापेक्षा लांबवू नये. बाकीचे सगळे स्टेजवरच्या भेटीत येतातच. यादीत पहिले नाव आजी-आजोबांचे असावे. ते लवकर थकतात, जेवणाच्या वेळेला त्यांची औषधे असतात, आणि वर्षभरापूर्वीच्या लग्नातील आजोबांचा फोटो शोधण्याची वेळ पुढे कोणत्याही घरावर येऊ शकते. त्यांच्यासाठी खुर्ची स्टेजच्या पायरीजवळ ठेवून वधूवरांनी त्यांच्यापाशी खाली बसावे. त्यांना पायऱ्या चढायला लावू नये. प्रत्येक बाजूने एक माणूस नेमावा, ज्याला सगळे नातेवाईक ओळखतात आणि ज्याचा शब्द कुणी मोडत नाही; हे काम काका किंवा आत्या यांना चांगले जमते. एका गटाचा फोटो चालू असताना त्याने पुढचा गट पायरीशी आणून उभा करावा. फोटो काढणाऱ्या मंडळींना पहिल्या किंवा दुसऱ्या पंगतीतच जेवायला बसवावे, तेही दोघे-दोघे असे आलटूनपालटून; सकाळी सहापासून उभ्या असलेल्या माणसाला दुपारी चारपर्यंत उपाशी ठेवून त्याच्याकडून पाठवणीचे चांगले फोटो मागणे योग्य नाही.

हळद शक्यतो सकाळी, अंगणात किंवा गच्चीवर, सावलीत करावी. हळदीला कपडे पिवळे, पडदा पिवळा, झेंडू पिवळा आणि वर पिवळे दिवे अशी मांडणी केली की अंगाला लावलेली हळदच दिसेनाशी होते. कपडे पिवळे असतील तर मागे आंब्याचे डहाळे किंवा केळीची पाने बांधावीत, नाहीतर कपडे पांढरे घ्यावेत. पहिली हळद लावताना पाच सुवासिनींना मिनिट-मिनिट द्यावे, त्यांचे चेहरे दिसतील असे बाजूला उभे करावे, आणि मगच इतरांना मोकळे सोडावे.

लग्नाआधीचे फोटो काढायचे असतील, तर साताऱ्याइतकी संपन्न जागा क्वचित मिळेल. फक्त प्रत्येक ठिकाणाची वेळ वेगळी आहे. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर सकाळी लवकर जावे, कारण नंतर गर्दी वाढते आणि दगडावर ऊन चमकू लागते. लिंब गावची बारा मोटांची विहीर खोल आणि दगडी कमानींची असल्यामुळे आत उजेड फार कमी असतो; तेथे ऊन वर आल्यावर जावे आणि शेला-पदर सांभाळून पायऱ्या उतराव्यात. संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा यांच्या काठची मंदिरे सायंकाळी फार सुंदर दिसतात, पण तो पूजेचा आणि अंत्यविधींचाही घाट आहे, याचे भान ठेवून तेथे मोजके आणि शांतपणे काम करावे. कासचा फुलांचा हंगाम साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर असा असतो, म्हणजे तो बहुतांशी चातुर्मासात येतो. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल आणि फुलांचे फोटो हवे असतील, तर ते आधीच काढावे लागतात. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कासचे पठार आहे. तेथील फुले वीतभर उंचीची असतात आणि पावलाखाली सहज चिरडली जातात. फोटोसाठी फुलांत उतरून बसू नये. पाऊलवाटेवर उभे राहून, कॅमेरा खाली ठेवून फोटो काढला तरी फुले पुढे आणि तुम्ही मागे असे दृश्य सहज मिळते. परवानगी, शुल्क आणि वेळा निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात. या फोटोंचा खरा उपयोग मला वेगळाच वाटतो. त्या दोन-तीन तासांत तुम्हाला फोटोग्राफरच्या सूचना कळू लागतात, कॅमेऱ्यासमोर हात कुठे ठेवायचे हा संकोच जातो, आणि लग्नाच्या दिवशी तो परका राहत नाही.

ड्रोन हवाच असेल तर तो वरातीला वापरावा. मंगलाष्टकांच्या वेळी त्याच्या आवाजात गुरुजींचे शब्द हरवतात. ड्रोनसाठी २०२१ पासून देशभर स्वतंत्र नियम लागू आहेत, त्यामुळे नोंदणी आणि त्या जागी उड्डाणाची मुभा आहे का, हे ऑपरेटरकडून आधी तपासून घ्यावे. गृहप्रवेशाच्या वेळी उंबरठ्यावर दिवा असावा आणि वधू माप ओलांडण्यापूर्वी फोटोग्राफरला घरात जाऊ द्यावे. तो बाहेर राहिला तर त्याला फक्त पाठी दिसतात.

लग्न झाल्यावर कामाचा एक भाग पूर्णपणे तुमच्याकडे येतो, आणि अल्बम रखडतात ते बहुधा येथेच. फोटोग्राफर हजारो फोटो देतो. त्यातून अल्बमसाठीचे फोटो निवडायचे काम सत्यनारायण, पाहुणचार आणि देवदर्शन यांत मागे पडते आणि मग वर्ष उलटते. पहिल्या महिन्यातच दोन सायंकाळी यासाठी ठेवाव्यात. पहिल्या दिवशी दोघांनीच बसून निवड करावी, दुसऱ्या दिवशी दोन्ही घरच्या एकेका वडीलधाऱ्याला दाखवून कुणी महत्त्वाचे राहिले का ते विचारावे. एकसारख्या पाच फोटोंतून एकच घ्यावा. पानावर फोटोंची दाटी करू नये; करिझ्मा अल्बमच्या, म्हणजे फोटो थेट पानावरच छापलेल्या अल्बमच्या, मोठ्या पानावर तीन-चार फोटो पुरेसे होतात. फोटोंची ऑनलाइन लिंक काही महिन्यांनी बंद होते, म्हणून सगळ्या मूळ फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून एक सासरी आणि एक माहेरी ठेवावी, आणि त्या दोन्हींतून फोटो उघडतात हे तपासल्यानंतरच फोटोग्राफरला त्याच्याकडील प्रत काढून टाकायला सांगावे.